माझ्या वाढदिवसाचा उपास

माझ्या वाढदिवसाला आई जेवायची नाही. दादाच्या वाढदिवसाला घरात कोंबडीचं कालवण व्हायचं, शिरा व्हायचा, अण्णा संध्याकाळी छावणीच्या बाजारातून बालूशाही आणायचे आणि आई आमच्याबरोबर बसून हाडं चोखून चोखून खायची. माझ्या वाढदिवसालाही हे सगळं व्हायचं, उलट कालवणात खोबरं जरा जास्तच पडायचं. पण रांधणारी बाई स्वतः सकाळपासून पाण्याशिवाय तोंडात काही घालत नसे. आम्ही ताटावर बसलो की ती चुलीकडं तोंड करून भाकरी थापत राहायची, आणि अशी काही दणादणा थापायची की घास घेणाऱ्यालाच चोरट्यासारखं वाटावं. मी म्हणायची, "आई, बस ना तू पण." "मला भूक नाय." "अगं, वाढदिवस माझा आहे!" "म्हून तर," ती म्हणायची. या 'म्हून तर'चा अर्थ विचारला की पुढची भाकरी. माझं डोकं फिरायचं. आज साठी ओलांडली तरी केक समोर आला की आधी माझी नजर कोण खात नाहीये ते शोधते. सून म्हणते, "मम्मी, फुंकर मारा ना, मेणबत्ती वितळतेय."

आमचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी आणि पडवीत अण्णांची शिलाई मशीन. अण्णा फौजी वर्द्या शिवायचे. पहाटे अजान, मग मिलिटरीचा बिगुल, रविवारी आमच्या चर्चची घंटा, आणि या सगळ्यांच्या वर ती मशीनची खडखड. घरात काही बिनसलं की अण्णा पायाचा वेग वाढवायचे, म्हणजे कुणाचं बोलणंच त्यांच्यापर्यंत पोचू नये. आई फुलंब्रीकडच्या एका खेड्यातली. शहरात येऊन तिचा जन्म गेला, पण बोली तिनं सोडली नाही आणि आम्ही शाळेतलं मराठी बोललो की ती नाक मुरडायची. चर्चमध्ये तिला मार्थाबाई म्हणत. आमच्या घराला लागून खालाचं घर, मध्ये कमरेएवढी भिंत. ही खाला सगळ्या गल्लीचीच खाला होती. उंच, पान खाणारी, मोठ्या आवाजाची बाई. ती भिंतीवर कोपरं टेकून उभी राहिली की तिच्या आणि आमच्या स्वयंपाकघरात काही फरकच उरत नसे.

शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत सगळ्याच घरांत असते. आमच्या आईनं तिचं युद्ध करून टाकलं होतं. खालाकडून शीरखुर्म्याचा कटोरा आला की तो दुपारच्या आत करंज्यांनी भरून भिंतीवर पोचलाच पाहिजे. करंज्या नसल्या तर शेंगा, शेंगा नसल्या तर गूळ. एकदा घरात खरंच काही नव्हतं, तर बाईनं अण्णांची नवी बटणं घालून कटोरा परत केला! खाला हसून हसून लाल झाली आणि अण्णांनी मशीनचा वेग वाढवला. भाजीवाल्यानं वर चार काड्या कोथिंबीर टाकली तरी आई ती उचलून परत त्याच्या टोपलीत ठेवायची. "फुकटचं नगं बाबा." तो बिचारा म्हणायचा, "बाई, सगळ्यांनाच देतो." "सगळे घेतात म्हून म्या घ्यावं व्हय?" मी शेजारी पिशवी धरून उभी, लाजेनं जमिनीत गडप व्हायची वेळ. तिच्या बापानं म्हणे लहानपणी तिच्या कानात एकच गोष्ट भरली होती, फुकटचं खाणाऱ्याच्या अंगी लागत नाही.

वाढदिवसाच्या उपासाचं कोडं मला चौथी-पाचवीत असताना उलगडलं. आई तांदूळ निवडत होती. मी त्या दिवशी हट्टालाच पेटले होते, सांग नाहीतर मीही जेवणार नाही. तिनं सुपातला खडा काढून बाजूला टाकला आणि बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मी तान्ही असताना मला ताप आला होता, डोळे पांढरे व्हायला लागले होते. अण्णा दादाला घेऊन सिल्लोडला लग्नाला गेलेले. डॉक्टरांनी सुई दिली आणि सांगितलं की आता वाट बघा. आईनं दिवसभर, रात्रभर येशूच्या नावानं प्रार्थना केली. ताप उतरेना. सकाळी खाला भिंत ओलांडून आली, म्हणाली, चल. आणि आई गेली. दर्ग्यात माझ्यावर फुंकर घातली, गळ्यात काळ्या दोऱ्यात ताईत बांधला, आणि आईनं नवस बोलला की पोरगी जगली तर मलिदा घेऊन येईन. संध्याकाळी माझा ताप उतरला.

"मग चांगलं झालं ना!" मी म्हणाले.

"काय चांगलं? अण्णा यायच्या आदी म्या त्यो ताईत तोडून नाल्यात टाकला. मलिदा बी नाय नेला. कसा नेनार? चर्चच्या मंडळीतली बाई, कुनी बघितलं आसतं तर! म्हंजी येशूला सोडून गेले, आन् जिथं गेले तिथंबी खोटी पडले. दोन्हीकडनं गेले. म्हून तुझ्या वाढदिसाला घास उतरत नाय." आणि पुन्हा सूप पाखडायला लागली.

"पण मग मी कुणामुळं जगले?"

"त्येच तर कळंना," आई म्हणाली.

काय म्हणावं आता! जन्मापासून मी चालतं-बोलतं, दोन वेण्या घातलेलं माझ्या आईचं पाप होते. मला बघितलं की तिला ते आठवायचं, आणि मी तर दिवसभर घरातच असायची. अण्णांना हे तिनं केव्हाच सांगितलं होतं. त्यांनी म्हणे एवढंच विचारलं होतं, पोरगी आता दूध पिते का. पिते म्हटल्यावर ते मशीनवर जाऊन बसले. या गोष्टीचा आईला अण्णांवर आयुष्यभर राग होता. एवढं मोठं पाप सांगितलं आणि या माणसानं साधं ओरडायचेही कष्ट घेतले नाहीत!

आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत उपकारस्तुतीची वेळ असते. कुणाचं आजारी मूल बरं झालं, कुणाला नोकरी लागली, कुणी पास झालं, की ती माणसं उभी राहून सगळ्यांदेखत देवाचे उपकार मानतात. दादाला कावीळ झाली होती, तेव्हा तो बरा झाल्यावर आईनं मानले होते. मला आठवतंय, तिनं नवं लुगडं नेसलं होतं. एका गृहस्थांनी तर चोरीला गेलेली सायकल सापडली म्हणून मानले होते, आणि सगळी मंडळी 'आमेन' म्हणाली होती. माझ्यासाठी मात्र कुणी कधी उभं राहिलं नाही. उपकार मानायचे तर कुणाचे, हाच आईचा प्रश्न. सायकलीएवढीही माझी किंमत नव्हती का, असं मी एकदा अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "तुझ्या आईचं काही खरं नाही," आणि दोरा ओवायला लागले.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. त्यासाठीचा द्राक्षरस आमच्या घरी व्हायचा. शुक्रवारी काळे मनुके धुऊन भिजत घालायचे, शनिवारी कुस्करून मंद आचेवर उकळायचे, पांढऱ्या मलमलीतून गाळायचे. सगळं घर त्या आंबटगोड वासानं भरून जायचं. आई हे काम इतक्या निगुतीनं करायची की एक बी गाळण्यातून सुटायची नाही. आणि रविवारी पाळकसाहेबांनी भाकर मोडली, पेला उचलला, लोक रांगेनं पुढं जाऊन कठड्यापाशी गुडघे टेकायला लागले, की ही बाई शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसून राहायची. प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब सावधगिरीचे शब्द वाचतात, की कुणी हे अयोग्य रीतीनं घेऊ नये. आईच्या कानात त्यातला 'अयोग्य' तेवढाच शिरायचा आणि ते आपलंच नाव पुकारलं असं ती धरून चालायची. लोकांना वाटायचं नम्रता. "मार्थाबाई किती लीन आहेत हो!" एक बाई तर मला म्हणाल्या, आईसारखी हो. मी दातओठ खाऊन "हो" म्हटलं.

मी मॅट्रिकच्या वर्षाला असताना माझं दृढीकरण ठरलं. म्हणजे लहानपणी झालेल्या बाप्तिस्म्याची कबुली स्वतःच्या तोंडानं द्यायची आणि मग पहिल्यांदा प्रभुभोजन घ्यायचं. त्यासाठी शनिवारी संध्याकाळी वर्ग असायचा. नवीन पाळकसाहेब नुकतेच आले होते. सिल्लोडकडचे, तरुण, सायकलवर हिंडणारे, आणि बोलणं अगदी गावाकडचं. आधीचे पाळकसाहेब पुस्तकातल्यासारखं बोलायचे, त्यामुळं आईला हे पसंत नव्हते. "ह्यो आपल्यासारकाच बोलतो. ह्येला काय कळनार?" म्हणायची. आमच्या मंडळीत पद्धत अशी, की पहिल्या प्रभुभोजनाला मुलाच्या एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला बाप गुडघे टेकतात. मला त्या दिवसाचं काही वाटत होतं तर ते एवढंच. साडी कुठली, फुलं कुठली, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. आईनं माझ्या शेजारी येऊन बसावं आणि माझ्या जगण्याची एकदाची खंत सोडावी, बस्स.

"म्या नाय येनार," आई म्हणाली. "अण्णा येतील. दुसऱ्या बाजूला तुझी आत्या येईल."

"आत्या नको आहे मला! तू हवीस."

"इस्तेर, डोकं नगं खाऊ. मला हक नाय तिथं यायचा."

हक्क! रस करायचा हक्क आहे, चर्चच्या सतरंज्या झटकायचा हक्क आहे, नाताळात करंज्या तळायचा हक्क आहे, पण एक घोट प्यायचा नाही. अण्णांना म्हटलं तुम्ही सांगा, तर मशीनची खडखड. शेवटी वर्ग सुटल्यावर मी पाळकसाहेबांना सगळं सांगून टाकलं. ताईत, मलिदा, वाढदिवस, सगळं. आईची परवानगी विचारायच्या भानगडीत पडले नाही. ते सायकलच्या कॅरियरला पुस्तकं बांधत होते. म्हणाले, "उद्या चहाला येतो. साखर जरा जास्त टाका म्हणावं."

दुसऱ्या दिवशी ते आले, पडवीत बसले, चहा बशीत ओतून प्यायले आणि सरळ म्हणाले, "बाई, पोरीनं सांगितलंय सगळं." आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी आत पळाले आणि दाराआडून ऐकायला लागले. मला वाटलं ती आता नाकबूल करणार. पण तिचा आवाज एकदम मोकळा झाला, एखादं ओझं डोक्यावरून खाली ठेवावं तसा. तिनं सगळं परत पहिल्यापासून सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "मग आता शिक्षा सांगा."

"कसली शिक्षा? मी काय फौजदार हाय का?"

"आसं कसं? वरीसभर चर्चच्या दारात उभी ऱ्हाते. न्हायतर समद्या मंडळीपुढं पाप बोलून दावते. कायतरी सांगा."

"काय नाय करायचं, बाई. पस्तावा झालाय न्हवं? लई वर्सं झालाय. प्रभूनं माफ केलंय. ही कृपा हाय."

"म्हंजी काय करायचं?"

"काय बी नाय! कृपा म्हंजी फुकट. शास्त्रात त्योच शब्द हाय, फुकट."

हा शब्द त्यांनी आमच्या आईपुढं वापरला! दाराआड मी कपाळाला हात लावला. आई ताठ झाली. "पाळकसाहेब, आमच्यात फुकटचं कुनी खाल्लं नाय."

"तुमच्यापायी क्रुसावर जे झालं, ते तुमच्या जन्माच्या आदी झालं. तवा कुनी तुम्हाला इचारलं व्हतं का? झालेलं हाय ते. आता तुम्ही घ्या, नायतर शेवटच्या बाकावर बसा. पर त्येला नम्रता म्हनू नका, त्यो हट्ट हाय," पाळकसाहेब म्हणाले आणि उठले. आई त्यांच्या मागं गेली आणि चहा पिऊन गेलेल्या त्या माणसाच्या पिशवीत घरातली सगळी वांगी कोंबून आली. असं का केलंस म्हटलं तर म्हणे, "येवढा येळ घालवला त्येंनी." त्या रात्री आम्ही नुसती भाकरी आणि ठेचा खाल्ला.

बिशपसाहेब येऊन आमच्या डोक्यावर हात ठेवून गेले, दृढीकरण झालं, आणि पुढच्या रविवारी पहिलं प्रभुभोजन होतं. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, चुलीवर मनुके उकळत होते. आई पाटावर बसून ढवळत होती आणि मला समजावत होती की आत्याला निरोप धाडलाय, आत्याचा हात धरून नीट गुडघे टेक, पदर सांभाळ. मी ऐकत होते, ऐकत होते, आणि मग माझा बांधच फुटला. मी ओरडले, "मग मी मेलेच असते तर बरं झालं असतं ना! तुझं पाप तरी झालं नसतं! सुखानं रस प्यायली असतीस तू!"

मशीन थांबली. आईच्या हातातला पळा तसाच राहिला. लोक म्हणतात, आईबापाला बोललेले असे शब्द जन्मभर टोचतात. मला मुळीच टोचत नाहीत. कुणीतरी ते बोलायलाच हवे होते, आणि अण्णा काही बोलणार नव्हते.

आई काही बोलायच्या आत भिंतीवरून खालाचं डोकं वर आलं. "काय झाला गे? पोरगी कायकू चिल्लाती?" आणि उत्तराची वाट न बघता ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. मी रडत रडत सांगितलं. मी बोलत असताना आई "गप बस, गप बस" म्हणत होती, पण मी आता थांबणाऱ्यातली नव्हते. खाला ऐकत गेली तसतशी तिच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या, आणि मग ती आईवर अशी उखडली की बस.

"मलिदा? वो मलिदा? अगे मार्था, वो तो मैं उसीच जुम्मेकू नेऊन दिली! तेरे नाम से. तू आती नै, ये मेरेकू दिख रहा था. ईसाई बाई, शौहर घरमें, कैसी आती? मैंच बनाई, मैंच लेके गई."

आईनं पळा खाली ठेवला. "मला सांगितलं नाय तू?"

"तू पूछी कब? और सांगायचं काय त्यात! तेरी बच्ची मेरी बच्ची नै क्या?"

"पर खाला, इतकी वर्सं..."

"इतनी बरसां तू मेरेकू करंज्याच देती बैठी! एक बार मूँसे पूछती तो?" खालानं पदरानं तोंड पुसलं. "और सुन. वो मलिदा कटोरा भरके तेरे घर बी भेजी थी. तू खाई. मेरे सामनेच खाई, भिंतीपास खडी रहके. फिर कटोरेमें शेंगा भरके वापस की. मैं घर जाके इतना हँसी! और ईसा अलैहिस्सलाम कू हम बी मानते, गे. वो क्या तेरेसे रूठके बैठे? बच्ची बचाने गई थी तू, चोरी करने नै गई थी."

आई पाटावरून उठून खालाजवळ आली. मग अगदी हळू आवाजात, स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाली, "म्हंजी म्या त्याचा घास बी खाल्ला व्हता. झालेलंच व्हतं समदं. आन् म्या बसले उपास धरून." आणि एकदम खालाच्या दंडाला धरून हमसून हमसून रडायला लागली. मी तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. मध्येच हुंदका आवरून ती माझ्याकडं वळली आणि रागानंच म्हणाली, "हिनं, हिनं शेजारनीनं, न सांगता येवढं केलं! मग ज्यानं माझ्यापायी जीव दिला, त्येला माझी येवढी बी माया नसंल व्हय?" जसं काही इतकी वर्षं हे नाकारत मीच बसले होते!

"नसेल कशी? तेच तर पाळकसाहेब..." मी सुरू केलं.

"तू गप. मला आता कळालंय," आई म्हणाली.

पडवीतून अण्णांचा आवाज आला, "कळलं असेल तर रस उतू जातोय तो बघा." खरंच उतू गेला होता. आईनं डोळे पुसले, पातेलं उतरवलं, आणि खाला चूल पुसायला मदत करू लागली.

तुम्हाला वाटेल, आता सगळं मिटलं. आमच्या आईला तुम्ही ओळखत नाही. रविवारी सकाळी तिनं अंघोळ केली, लुगडं नेसली, रसाची बाटली कापडात गुंडाळली आणि चर्चमध्ये जाऊन ती नेहमीप्रमाणं शेवटच्या बाकावर बसली! मी पुढून वळून वळून बघत होते. अण्णा मला कोपरानं ढोसत होते, पुढं बघ म्हणून. आत्या फुलंब्रीहून पहिल्या बसनं येऊन नवी साडी सावरत बसली होती. प्रभुभोजनाची वेळ झाली. सावधगिरीचे शब्द आले. पाळकसाहेबांनी या वेळी ते फार हळू वाचले आणि 'रीतीनं' या शब्दावर, म्हणजे रीत अयोग्य, माणूस नव्हे, असा जोर दिला की ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी मान वर करून बघितलं. मग आमची नावं पुकारली. मी उठले. कठड्यापाशी गेले, गुडघे टेकले. उजवीकडं अण्णा टेकले. डावीकडून आत्याच्या साडीची सळसळ ऐकू आली, आणि मी डोळे मिटून घेतले. संतापानं, दुसरं काही नाही. प्रभूसमोर गुडघे टेकून मी संतापले होते.

तेवढ्यात मागून आईचा आवाज, चर्चमध्ये कुणी बोलू नये इतका मोठा, "वन्सं, तुम्ही बसा. म्या हाय."

आत्या फुरंगटून परत गेली. ती पुढं कित्येक महिने आमच्याकडं आली नाही आणि त्याचं मला काही वाटलं नाही. आई माझ्या डाव्या बाजूला गुडघे टेकून बसली. तिच्या अंगाला चुलीचा आणि मनुक्यांचा वास येत होता. पाळकसाहेब अण्णांपाशी आले, मग माझ्यापाशी, मग तिच्यापाशी. तिनं हाताची ओंजळ पुढं केली, आणि त्यांनी भाकरीचा तुकडा तिच्या तळव्यावर ठेवून वरून आपला हात क्षणभर तसाच धरला. पेला आला. स्वतःच्या हातानं केलेला रस ती पहिल्यांदा प्यायली. डोळे मिटून प्यायली, सावकाश.

आजकाल आमच्या चर्चमध्ये भिंतीवर पडदा लावून त्यावर गीताचे शब्द दाखवतात आणि रस बाजारातल्या बाटलीचा असतो. तरुण मुलं साक्ष देताना मोठं मोठं बोलतात, अंधारातून उजेडात आलो वगैरे. आलेही असतील. मला मात्र कृपा म्हटलं की भिंतीवर कोपरं टेकून रागावलेली खालाच दिसते, आणि हे मी कुठल्या सभेत सांगितलेलं नाही, कारण काही जणांना ते रुचायचं नाही. त्यांचं ते बघून घेतील.

प्रभुभोजन झालं, आम्ही बाकावर येऊन बसलो. आई या वेळी मागं गेली नाही, आमच्यातच बसली. उपकारस्तुतीची वेळ आली. एक आजोबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी उभे राहिले, ते बसले. आणि माझ्या शेजारून आई उठली. मी तिचा पदर ओढला, कारण मला भीती वाटली की ही आता दारात उभं राहायची शिक्षा मागणार. तिनं माझा हात झटकला.

"म्या मार्था," ती म्हणाली, जसं काही तिला कुणी ओळखतच नव्हतं. "माझी ही पोरगी तान्हेपनी लई आजारी पडली व्हती. मरायला टेकली व्हती. ती जगली." लोक वळून बघायला लागले. "तिच्यापायी प्रभूचे उपकार मानायचे ऱ्हायले व्हते. माझ्याच मनात पाप व्हतं म्हून ऱ्हायले. ते त्येनं माफ केलंय. फुकट केलंय. आज उपकार मानते." मंडळी 'आमेन' म्हणणार, तेवढ्यात ती पुढं म्हणाली, "आन् शेजारच्या खालाचे बी."

पुढच्या बाकावरचे मंडळीचे पंच मोठ्यानं खाकरले. ऑर्गनवाल्या बाईंनी तोंडावर रुमाल धरला. आणि कुणी काही बोलायच्या आत वेदीपासून पाळकसाहेबांचा 'आमेन' आला, असा खणखणीत, की त्याच्या मागून सगळ्या मंडळीला म्हणावंच लागलं.

आई खाली बसली. मी रडत होते. नाक, डोळे, नवी साडी, कशाचाच काही ठिकाणा नव्हता. हुंदका आवरायला जावं तर दुसरा त्याच्या मागं उभा. आईनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, पदराचं टोक काढून माझ्या हातात कोंबलं आणि चिडून कानाशी पुटपुटली, "आता तू कशापायी रडती? जगलीस न्हवं!"